भूत कुणी घडवलं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात गाजलेल्या भयपटांच्या कारागिरीवर आम्ही चार पानं दिली होती. त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं, हे अनेकांनी पत्रांतून दाखवून दिलं. तक्रार रास्त आहे. आम्ही श्रेयनामावली पाहून लिहिलं, आणि घोळ नेमका तिथेच असतो. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. हाताने करून पाहण्यासारखं जिथे आहे, तिथे मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

१९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मधल्या मासामाणसाचं श्रेय तुम्ही बड वेस्टमोर यांना दिलंत. तो मिलिसेंट पॅट्रिक नावाच्या बाईने काढला, असं मी वाचलं आहे. खरं काय? आणि नुसतं चित्र काढणं म्हणजे घडवणं का?
(चित्रकला शिक्षिका, सातारा)

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. वेस्टमोर हे युनिव्हर्सल स्टुडिओच्या रंगभूषा खात्याचे प्रमुख. त्या काळी पडद्यावर खात्याच्या प्रमुखाचं नाव जायचं, मग प्रत्यक्ष काम कुणीही केलेलं असो. त्या प्राण्याची कल्पनाचित्रं पॅट्रिक यांची. त्या आधी डिस्नेत होत्या, आणि १९५३ च्या 'इट केम फ्रॉम आउटर स्पेस'मधल्या परग्रहवासीयावरही त्यांनी काम केलं होतं. चित्रावरून डोकं मातीत घडवलं ख्रिस म्युलर यांनी, अंगाचा रबरी पोशाख उभा केला जॅक केवन यांनी. पाण्याखाली तो घालून पोहले रिकू ब्राउनिंग आणि जमिनीवर चालले बेन चॅपमन. म्हणजे एका प्राण्यात इतक्या जणांचा जीव, आणि पाटीवर नाव सहाव्याच माणसाचं.

चित्राचं म्हणाल, तर अशा कामात ते सजावटीचं नसतं. आतला नट कुठून बघणार, कुठून श्वास घेणार, कोपर वाकलं की रबराला घडी कुठे पडणार, डोक्याचा भाग आणि धड यांचा सांधा कशाखाली लपवायचा, हे सगळं कागदावरच ठरावं लागतं. कल्ले, खवले, पंखाची झालर यांचा निम्मा उपयोग सांधे झाकण्यासाठी असतो. कागदावर चुकलं की साच्यात सुधारता येत नाही, साचाच पुन्हा करावा लागतो.

चित्रपट प्रदर्शित होताना स्टुडिओने पॅट्रिक यांना प्रचाराच्या दौऱ्यावर पाठवलं. दौऱ्याचं आधीचं नाव होतं 'श्वापद निर्माण करणारी सुंदरी'. वेस्टमोर यांनी हरकत घेतली, तेव्हा 'निर्माण करणारी' जाऊन 'सोबत राहणारी' आलं. मुलाखतींमध्ये त्यांनी वेस्टमोर यांनाच श्रेय द्यायचं, असंही बजावलेलं होतं. तरी परतल्यावर त्या खात्यात त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. मॅलरी ओमीरा यांनी स्टुडिओची कागदपत्रं धुंडाळून २०१९ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं, तोवर पासष्ट वर्षं उलटली होती. पॅट्रिक १९९८ मध्येच गेल्या.

मला तशाच फेसाळ रबराचा मुखवटा करायचा आहे. पहिल्यांदा मिश्रण भांड्यातच घट्ट झालं, दुसऱ्यांदा साच्यात खाली बसलं. चुकतं कुठे?
(रंगभूषेची विद्यार्थिनी, पुणे)

दोन्ही चुका एकाच ठिकाणच्या आहेत, फक्त उलट दिशेच्या. फोम लॅटेक्सचे, म्हणजे या फेसाळ रबराचे, चार भाग असतात. आज मिळणाऱ्या संचांचं सर्वसाधारण प्रमाण वजनाने असं: लॅटेक्स (रबराचा चीक) १५० ग्रॅम, फेस आणणारं द्रव ३०, रबर पक्कं करणारं गंधकाचं मिश्रण १५ आणि जेल आणणारं द्रव १४ ग्रॅम. मापाच्या कपाने घेऊ नका, एक ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. जेलमध्ये दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले, तरी वेळ कित्येक मिनिटांनी सरकते.

जेल सोडून बाकी तिन्ही केक फेटायच्या मिक्सरमध्ये घाला. आधी जलद गतीवर फेटून मिश्रण चार-पाच पट फुगवा. मग गती कमी करा आणि काही मिनिटं मंद चालू द्या. या मंद फेटण्याने मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि लॅटेक्समधला अमोनिया उडून जातो. बहुतेकांचा घात इथेच होतो. अमोनिया आहे तोवर लॅटेक्स द्रव राहतं, जेलचं द्रव त्याचा अल्कलीपणा मोडून त्याला गोठवतं. तुम्ही जास्त वेळ फेटलंत आणि अमोनिया फारच उडाला, की जेल पडताच भांड्यात दही लागतं. कमी फेटलंत तर अमोनिया उरतो, जेल उशिरा लागतो आणि तोवर साच्यातला फेस विरून खाली बसतो.

शिवाय पुण्याचा मे महिना. ही प्रमाणं साधारण २१-२२ अंशांच्या खोलीसाठी असतात. पस्तीस अंशांत जेल १४ ऐवजी १०-११ ग्रॅमवर आणा किंवा एसीच्या खोलीत काम करा. पावसाळ्यात दमट हवेत अमोनिया सावकाश जातो, तेव्हा मंद फेटणं मिनिटभर वाढवावं लागतं. प्रत्येक खेपेला तापमान, आर्द्रता आणि जेलचे ग्रॅम वहीत लिहून ठेवा. चार-पाच खेपांत तुमच्या खोलीचा तक्ता तयार होईल, तो कुठल्याही पुस्तकापेक्षा खात्रीचा.

जेल सगळ्यात मंद गतीवर अर्धा-पाऊण मिनिट मिसळा, भांड्याच्या तळाशी न मिसळलेलं राहू देऊ नका. साच्यात एका बाजूने ओतत जा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाईल. नाकाच्या शेंड्याला आणि कानाच्या पाळीला आधी ब्रशने थोडं लावून घ्या, पोकळ्या बहुधा तिथेच राहतात. बोटाने हलकं दाबून ते परत वर आलं की भट्टीत घाला. ८० ते ८५ अंशांवर तीन-चार तास. त्याहून फार वर गेलात तर प्लास्टरचा साचा भुसभुशीत होतो. साचा ओला असेल तर आत वाफ धरून भोकं पडतात. भाजून झाल्यावर नख दाबा: खळगा तसाच राहिला तर आणखी अर्धा तास. भट्टी बंद करून साचा आतच निवू द्या, गरम साच्याला थंड हवा लागली की तो तडकतो. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी अजिबात वापरू नका.

बाहेर काढल्यावर भांड्यांच्या साबणाने धुवा, गंधकाचा अंश निघून जातो. रंगवताना व्हॅसलीन किंवा खनिज तेलाचा मेकअप नको, रबर फुगून चिकट होतं. एरंडेलावर आधारलेला रबर मास्कचा रंग घ्या. आणि ज्याला घालायचा त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक तुकडा आदल्या दिवशी लावून पाहा, लॅटेक्सची ॲलर्जी काहींना फार जोराची असते.

जाता जाता एक गोष्ट, तुम्ही याच पेशात उतरताय म्हणून. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांची संघटना बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड देत नव्हती. केशरचना करा, रंगाला हात लावू नका, असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने चारू खुराना यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २०१४ मध्ये तो रद्द केला. हिंदी भयपटांच्या जुन्या श्रेयनामावलीत रंगभूषेसमोर बाईचं नाव शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

संकलन म्हणजे दिग्दर्शकाने सांगितलेलं कापणं-जोडणं. 'जॉज'चं श्रेय संकलक व्हर्ना फील्ड्स यांना काही जण देतात, ती मला अतिशयोक्ती वाटते.
(निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

मूकपटांच्या काळात हॉलीवूडच्या कापण्या-जोडण्याच्या खोल्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. कारण लोकांना ते काम शिवणकामासारखं वाटे. तुमच्या प्रश्नात त्याच समजाचा थोडा वास येतो, राग मानू नका.

'जॉज'चा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा. जे चित्रण हाती आलं, त्यातला बराच शार्क रबराचा दिसत होता. फील्ड्स यांचा निर्णय फ्रेमचा होता, म्हणजे शॉट नेमका कोणत्या चित्रावर कापायचा याचा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच नंतर सांगितलं, की एका दृश्यात शार्क ३६ फ्रेमपर्यंत खरा वाटायचा, ३८ फ्रेमला खोटा. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने दीड सेकंद टिकणारा शॉट, आणि फरक सेकंदाच्या बाराव्या भागाचा. ती दोन फ्रेम सापडवायला शेकडो वेळा मागेपुढे करावं लागतं. घरी करून पाहा. भीतीच्या शॉटचा शेवट तुम्हाला बरोबर वाटतो तिथे कापा, मग दोन-दोन फ्रेम काढत जा. प्रेक्षकाच्या डोळ्याला 'काय होतं ते' कळतं, पण 'कशाचं केलंय' हे कळायच्या आत शॉट संपला पाहिजे. उलट चूकही होते: फार लहान केलात तर नुसता झटका बसतो, आकार मनात राहत नाही.

बुडालेल्या होडीच्या भोकातून मुंडकं बाहेर येतं, तो शॉट मुख्य चित्रण संपल्यावर फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात घेतला. पाणी समुद्रासारखं गढूळ दिसावं म्हणून त्यात दुधाची पावडर टाकली होती. माती टाकली की ती तळाशी बसते, दुधाचे कण तरंगत राहून प्रकाश पसरवतात. वीस लिटरच्या काचेच्या टाकीत करायचं असेल, तर एक चमचा पावडर आधी वाटीभर पाण्यात नीट कालवा आणि थोडी थोडी सोडा. मागे काळं कापड, दिवा बाजूने. दिवा समोरून लावलात तर सगळं पांढरं धुकं दिसेल. आपल्या हवेत पाणी संध्याकाळपर्यंत आंबतं, त्याच दिवशी ओतून टाका.

फील्ड्स यांना या संकलनाचं ऑस्कर मिळालं. त्यानंतर युनिव्हर्सलने त्यांना निर्मिती विभागाचं उपाध्यक्षपद दिलं, आणि त्यांनी पुन्हा संकलन केलं नाही.

आमच्या लघुपटाला पैसे नाहीत. इंटरनेटवरचे तयार भीतीचे आवाज सगळ्यांचे सारखेच. जुने लोक काय करायचे?
(महाविद्यालयीन गट, सांगली)

जुने लोक म्हणाल तर डॅफ्नी ओरम आणि डेलिया डर्बीशायर. ओरम १९५८ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपच्या, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवे आवाज घडवणाऱ्या विभागाच्या, संस्थापकांपैकी एक. वर्षभरातच त्या बाहेर पडल्या आणि केंटमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. १९६१ च्या 'द इनोसंट्स' या भुताटकीच्या चित्रपटातले इलेक्ट्रॉनिक आवाज त्यांचे आहेत. श्रेयनामावलीत त्या नाहीत.

डर्बीशायर यांनी १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षकसंगीत उभं केलं. मालिका विज्ञानकथेची, पण त्या सुरावटीने अनेक पोरं सोफ्यामागे दडली. संगीतकार रॉन ग्रेनर यांनी दिलेली सुरावट कागदाच्या एका पानाची होती. डर्बीशायर यांनी एका तारेचा टणत्कार ध्वनिमुद्रित केला, प्रत्येक सुरासाठी टेपची गती बदलून तो उंच-खाली केला आणि सूर ब्लेडने कापून एकेक चिकटवला. सेकंदाला ३८ सेंटिमीटर टेप पळते, म्हणजे एक सेंटिमीटरची चूक कानाला कळते. थर जुळेनात तेव्हा टेप कॉरिडॉरमध्ये शेजारीशेजारी पसरून चुकलेला जोड शोधला. ग्रेनर यांना त्यांच्यासोबत मानधन वाटून घ्यायचं होतं, पण बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर डर्बीशायर यांचं नाव आलं २०१३ मध्ये. १९७३ च्या 'द लेजंड ऑफ हेल हाउस'मध्ये मात्र त्यांचं आणि सहकारी ब्रायन हॉजसन यांचं नाव रीतसर आहे.

तुमच्यासाठी तीच रीत, टेपशिवाय. रहाटाची कुरकुर, पितळी पातेल्याच्या काठावर घासलेलं सारंगीचं गज, दाराची बिजागरी असं काही जवळून, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून ध्वनिमुद्रित करा. मोबाइलवर करत असाल तर आवाजातली खरखर आपोआप कमी करणारी सोय बंद ठेवा, ती नादाची शेपटी खाऊन टाकते. मग ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग बदला. टेम्पो नव्हे (त्याने सूर तसाच राहतो), वेग. निम्मा केलात की सूर एक सप्तक खाली आणि लांबी दुप्पट. चौथाई केलात की आवाज बोदा होतो, कारण ध्वनिमुद्रणातली वरची टोकंही खाली सरकलेली असतात. ९६ किलोहर्ट्‌झवर मुद्रण करणारा रेकॉर्डर मिळाला तर त्यातून थोडी धार वाचते.

दोन तुकडे फिरते ठेवायचे असतील तर लांबी न जुळणारी घ्या. एक सात सेकंदांचा, दुसरा अकराचा, म्हणजे तोच मेळ ७७ सेकंदांनी येईल आणि कानाला पुनरावृत्ती पकडता येणार नाही. जोडावर दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या (एक आवाज विरत असताना दुसरा वर आणा), नाहीतर टक् असा आवाज येतो. दचकवण्याआधी दोन-तीन सेकंद खोलीची शांतता ठेवा. पण ती खरी शांतता हवी: प्रत्येक ठिकाणी तीस सेकंद नुसती खोली मुद्रित करून आणा. कोरा शून्य आवाज टाकलात तर प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. आणि तुमचा लघुपट लोक मोबाइलवरच बघणार. त्याच्या स्पीकरला २०० हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काही ऐकू येत नाही. तुमची खोल घरघर तिथे गायब होते, म्हणून तिला थोडं डिस्टॉर्शन देऊन, म्हणजे मुद्दाम थोडी फाडून, वरचे स्वर जागे करा.

'महल'च्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, असं वडील सांगायचे. पटत नाही.
(वाचक, ठाणे)

वडिलांचं बरोबर आहे. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला' या सुप्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं. मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं नाव. नाव विचारणारी पत्रं आली तेव्हा खरं नाव जाहीर झालं.

त्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येतो, ती युक्ती फेडरची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीची, नाही. लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अंतर दुप्पट झालं की सरळ येणारा आवाज सहा डेसिबलने घटतो, पण भिंतींवरून येणारा पडसाद जवळपास तेवढाच राहतो. कान अंतर ओळखतो ते या दोघांच्या प्रमाणावरून. नुसता आवाज कमी-जास्त केला तर गायिका जागच्या जागी हळू गातेय असं वाटतं, ती येतेय असं वाटत नाही. करून पाहायचं असेल तर पडसाद देणारी मोठी खोली, अनवाणी पाय आणि शेवटच्या दोन पावलांत गाणाऱ्याने स्वतःच आवाज आवरणं. नाहीतर माइकवर आवाज फाटतो.

असंच 'द एक्झॉर्सिस्ट'चं. १९७३ च्या त्या चित्रपटातल्या सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅकेम्ब्रिज यांचा. ऑस्करविजेती अभिनेत्री, तरी सुरुवातीच्या प्रतींत नाव नाही, भांडून घ्यावं लागलं. कच्ची अंडी, सिगारेट आणि दारूने त्यांनी घसा खरवडून घेतला होता. ते करू नका, आवाजाच्या पट्ट्यांना गाठी येतात. वर सांगितलेली वेग कमी करायची रीत वापरा.

'हॅलोवीन' सगळे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांचा म्हणतात. डेब्रा हिल नुसत्या निर्मात्या होत्या का?
(वाचक, नाशिक)

सहलेखिकाही. तिघी मैत्रिणींच्या तोंडचे संवाद मुख्यतः त्यांचे, म्हणून त्या पोरी खऱ्या वाटतात. हॅडनफील्ड हे चित्रपटातल्या गावाचं नावही त्यांच्याच न्यू जर्सीतल्या गावावरून आलं. सुरुवातीच्या लांब शॉटमध्ये सुरी उचलणारे लहानग्याचे हात हिल यांचे आहेत. १९७८ मध्ये तीन-सव्वातीन लाख डॉलरांत चित्रपट बसवायचा, तोही कॅलिफोर्नियाच्या वसंतात शरद ऋतू दाखवून. मग रंगवलेली कागदी पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची, पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची.

बेळगावकडच्या पत्रकार आयी तेंडुलकरांची जर्मन बायको भयपट लिहायची म्हणे?
(वाचक, बेळगाव)

थिया फॉन हार्बू. १९२२ चा 'डॉ. माबुझे', १९२७ चा 'मेट्रोपोलिस', १९३१ चा 'एम' या दिग्दर्शक फ्रिट्‌झ लांग यांच्या चित्रपटांच्या पटकथांत त्यांचा मोठा वाटा होता. काटेकोर अर्थाने भयपट नव्हेत, पण पुढच्या भयपटांनी त्यांतून पुष्कळ उचललं. पती लांग यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर त्यांनी तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केलं. त्या नाझी पक्षाच्या सदस्य होत्या, हेही सांगायला हवं. श्रेय द्यायचं तर पूर्ण माणसाला द्यावं.

अशी गळालेली नावं आपल्याकडच्या चित्रपटांत शोधायची, तर सुरुवात कुठून?
(संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर)

इंटरनेटवरच्या यादीने सुरुवात करू नका, ती श्रेयनामावलीवरूनच भरलेली असते. पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गाण्यांच्या चोपड्या, जाहिराती आणि स्थिरचित्रं पाहायला मिळतात. चोपडीवर सहायकांची नावं पडद्यापेक्षा जास्त असतात. सेटवरची स्थिरचित्रं पाहताना कडेला उभ्या असलेल्यांकडे बघा, हातात कंगवा, वही किंवा घड्याळ कुणाच्या आहे ते टिपा आणि मागचा शिक्का वाचा. आद्याक्षरं दिसली तर पुरुष गृहीत धरू नका. एकच नाव दोन चोपड्यांत दोन कामांवर दिसलं, तर तारखा लावून पाहा. आणि तबकड्यांच्या बाबतीत पहिली आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती शेजारीशेजारी ठेवा. नाव कधी आलं, ते लेबलवरच कळतं.